उत्तरेचा हॉल, पश्चिमेची खोली: दहा महिन्यांनंतरचा रंगांचा अनुभव

गेल्या दिवाळीपूर्वी पुण्यातील आमच्या फ्लॅटला रंग काढला, तेव्हा हॉलसाठी निळसर राखाडी आणि झोपण्याच्या खोलीसाठी बदामी अशी निवड आम्ही दुकानात बसून शेडकार्डावरून केली. हिवाळा, उन्हाळा आणि बहुतेक पावसाळा या भिंतींच्या सहवासात काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, छटा शीत (निळसर-हिरवट) घ्यावी की उष्ण (पिवळसर-तांबूस), हे आवडीआधी खिडकीच्या दिशेवरून ठरवावे.

हॉलची खिडकी उत्तरेला आहे. तिथे वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, आभाळाचा निळसर उजेड तेवढा येतो. मे महिन्यात सूर्य उत्तरेकडे सरकलेला असल्याने सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन आत येई आणि भिंत खरोखरच सुरेख दिसे. जुलैत आभाळ भरून आले आणि तीच भिंत ओल्या सिमेंटसारखी दिसू लागली. आई भिंतीलगत तांदूळ निवडायला बसली की ताटातल्या तांदळावरही निळसर झाक उतरे, आणि खडे दिसावेत म्हणून तिला भर दुपारी दिवा लावावा लागे. आमची ट्यूब 6500 केल्विनची, म्हणजे पांढऱ्याशुभ्र उजेडाची होती. तिच्या जागी 3000 केल्विनचे पिवळसर दिवे लावल्यावर निळेपणा बराच मावळला, पण दिवसाचा प्रश्न तसाच राहिला.

पश्चिमेच्या खोलीत नेमके उलटे घडले. चारच्या उन्हात बदामी भिंत नारिंगी दिसे आणि उन्हाळ्यात तिथे बसवत नसे. भिंतीच्या रंगाने खोलीचे तापमान उतरत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मार्चअखेर तिथे फिका पिस्ता दिल्यापासून डोळ्यांना मिळालेला विसावा खरा आहे. पुट्टी शाबूत असल्याने घासकाम आणि रंगाचे दोन हात एवढ्यावर काम भागले. फरशी हिरवट कोटा दगडाची आहे, तिची झाक भिंतीच्या खालच्या भागात चढते, त्यामुळे तिथे पिस्ता कार्डापेक्षा किंचित गडद भासतो.

हॉलसाठी या वेळी नमुन्याचे लहान डबे आणून, खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या अशा दोन्ही भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवले आणि पंधरा दिवस ते सकाळी, ढगाळ दुपारी व दिव्याखाली पाहिले. हस्तिदंती रात्री फार पिवळा वाटला. मोतिया तिन्ही वेळी टिकला. पाऊस ओसरून भिंती कोरड्या झाल्या की तोच देणार आहोत.