"इंजिनमध्ये कार्बन जमलाय" म्हणून माझ्याकडून १९,१८० रुपये उकळले

गॅरेजमध्ये तुम्हाला आत्ता कुणी "कार्बन जमलाय, साफ करून घ्या" असं सांगत असेल, तर आधी हे वाचा आणि मग पाकिटाला हात घाला. माझे पैसे गेले. आकडे लपवत नाही: पहिलं बिल १४,६८०, नंतरच्या "दुसऱ्या सिटिंग"चे ४,५००. एकूण १९,१८० रुपये देऊनही गाडी होती तशीच मिसिंग करत, म्हणजे मध्येच ठोका चुकवत, राहिली.

माझी तक्रार अगदी स्पष्ट होती. गाडी थंड असताना छान चालायची. गरम झाली की उभ्या जागी स्टिअरिंग थरथरायचं, चढावर पिकअप मिळायचा नाही, धक्के बसायचे आणि मध्येच चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. "गरम झाल्यावरच होतं" हे मी आवर्जून सांगितलं होतं, जॉब कार्डवर तसं लिहूनही घेतलं होतं. सुपरवायझरने मान डोलावली, गाडी आत नेली आणि दहा-पंधरा मिनिटांत टॅबवर एक फोटो घेऊन आला. व्हॉल्ववर डांबरासारखा काळा थर. "मॅडम, हे तुमचं इंजिन. आणखी चालवलंत तर हेड उतरवायची वेळ येईल."

त्या फोटोपाशीच माझं डोकं अजून फिरतं. इनटेक व्हॉल्वची (सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेची) मागची बाजू अशी स्पष्ट दिसायची तर साधारणपणे मॅनिफोल्ड, म्हणजे हवा सिलिंडरांकडे नेणारे पाइप, उतरवावे लागतात. माझं इंजिन नुकतंच चालून आलेलं, हात लावला तर पोळेल असं. बॉनेट उघडं होतं आणि इंजिनवरचं प्लॅस्टिकचं कव्हर जागच्या जागी. त्यावरच्या धुळीवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता! मी हे डोळ्यांनी पाहिलं. विचारलंसुद्धा, "एवढ्यात उघडलंत?" तर म्हणाला, "कॅमेरा बारीक असतो मॅडम, आतून जातो." कुठून आतून? त्याच क्षणी चावी मागून बाहेर पडायला हवं होतं. पण समोर फोटो, समोरच्याच्या अंगावर गणवेश, भिंतीवर चौकटीतली प्रमाणपत्रं आणि डॅशबोर्डवर लुकलुकणारा दिवा, अशा वेळी "हा फोटो दुसऱ्याच गाडीचा आहे" असं कोण तोंडावर म्हणेल? मी डोळे झाकून सही करणाऱ्यातली नाही. ऑइल वेळेवर बदलते, त्याचा ग्रेड वाचून घेते, प्रत्येक बिल फाइलला लावते. तरी माझ्याशी असं झालं.

तुम्ही मात्र एक करा. फोटो दाखवला की म्हणा, "माझ्यासमोर कॅमेरा घाला." नाही म्हणाले तर गाडी घेऊन निघा.

यातली सगळ्यात नीच गोष्ट अशी की कार्बन ही थाप नाही, म्हणून तर ही फसवणूक चालते. ज्या पेट्रोल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडलं जातं, तिथे क्रँककेसमधून (इंजिनच्या तळच्या भागातून) परत येणारी ऑइलची वाफ तापलेल्या इनटेक व्हॉल्ववर बसून करपते. पेट्रोल त्या वाटेने जातच नाही, त्यामुळे ते धुऊनही निघत नाही. डिझेलमध्ये ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेतून) येणारी काजळी त्याच ऑइलमध्ये कालवली जाते आणि इनटेक तुंबतो. हे खरे आजार आहेत. पण माझ्या गाडीचे इंजेक्टर मॅनिफोल्डवर आहेत. पेट्रोलचा फवारा व्हॉल्वच्या पाठीवरच पडतो आणि पेट्रोलमधलं डिटर्जंट तिथला मळ काढत राहतं. फोटोतला तसला जाड थर अशा इंजिनात सहसा जमत नाही. आपलं इंजिन कोणत्या जातीचं आहे हे गाडीच्या पुस्तिकेत बघून ठेवा, ही माहिती बहुधा तिथे असते.

मग तो मशीनचा तमाशा. पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजन तयार करणारं यंत्र आणलं, नळी इनटेकला जोडली आणि इंजिन चालू ठेवलं. सायलेन्सरखाली पांढरं फडकं धरलं, त्यावर काळं पाणी टपकलं. "बघा, कार्बन निघतोय." अहो, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतंच. उभ्या गाडीचा सायलेन्सर गार झालेला असला की त्या वाफेचं आत पाणी होतं आणि पाइपातली काजळी घेऊन खाली येतं. कुठल्याही गाडीखाली फडकं धरा, तेच दिसेल. शिवाय तो वायू जळणार सिलिंडरच्या आत, आणि इनटेक व्हॉल्वची पाठ ज्वाळेच्या अलीकडे. तिथला थर त्याने जळणार कसा? तिथे खरोखर थर असेल तर मॅनिफोल्ड काढून तो थर घासावा लागतो, किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. हे मला नंतर कळलं, पैसे देऊन झाल्यावर.

बिल असं: डीकार्बनिंग ६,५००, इंजेक्टर क्लीनिंग २,८००, थ्रॉटल बॉडी १,२००, ऑइल आणि फिल्टर ३,२८०, टाकीत ओतायची बाटली ९००. ऑइल बदलायला मी सांगितलंच नव्हतं. "कार्बन ऑइलमध्ये उतरतो, बदलावंच लागतं," म्हणे.

गाडी परत मिळाली तेव्हा दिवा गेलेला होता, कारण स्कॅनर लावून त्यांनी कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक, उडवले होते. कोड पुसला की दिवा जातो, बिघाड जात नाही. आठवडा उलटायच्या आत तीच थरथर सुरू झाली. परत गेले तर म्हणे, "थर जुना आहे, एका सिटिंगमध्ये निघत नाही." आणखी ४,५००. मी दिले, कारण आधीचे १४,६८० वाया गेले हे मान्य करायला मन तयार नव्हतं. आणि याच गोष्टीवर त्यांचा धंदा चालतो.

खरा बिघाड ओळखीच्या एका मेकॅनिककाकांनी काढला. त्यांनी स्कॅनर लावला. आधी म्हणाले, "कोड नुकतेच पुसलेत, गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अजून अर्धवट दिसतायत." मग गाडी चांगली गरम होऊ दिली आणि कोड आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. त्यांनी तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) दुसऱ्यावर लावली आणि दुसरी तिसऱ्यावर. कोड झाला पी०३०२. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे दोषी कॉइल! आतली वायंडिंग गरम झाली की दगा द्यायची. नवी कॉइल २,१५०, मजुरी ३५०. गाडी त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही थरथरलेली नाही.

"गरम झाल्यावरच होतं" हे माझं वाक्य त्यांच्याच जॉब कार्डवर आहे. कोड पुसण्याआधी त्यांना तो दिसला असणारच. माझ्या रागाचं मूळ तिथे आहे. त्यांना निदान जमलं नाही असं नाही, निदान समोर होतं आणि ते पुसून टाकलं. वर दिवा लुकलुकत असताना गाडी चालवू नका, हेही कुणी सांगितलं नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो निकामी होऊ शकतो, ज्याच्यापुढे कॉइलचा खर्च काहीच नाही.

आता तक्रारीचं ऐका. कंपनीच्या ग्राहक सेवेने तक्रार क्रमांक दिला आणि मला एकही फोन न करता "ग्राहकाचे समाधान झाले" असं लिहून ती बंद केली. कोणाचं समाधान? पोलीस ठाण्यात विचारलं, "गाडी परत मिळाली ना? काम केल्याचं बिल आहे ना? मग फसवणूक कुठे?" अर्ज घ्यायलाच तयार नव्हते. घेतला तो ढकलून दिला ग्राहक तक्रार कक्षाकडे. कक्षाने गॅरेजचा खुलासा मागवला आणि गॅरेजने पुरावा म्हणून तोच फोटो पाठवला! ना त्यावर गाडीचा नंबर, ना तारीख. साहेबांनी तो फाइलला लावला आणि मला म्हणाले, तज्ज्ञाचा अहवाल आणा. तज्ज्ञ म्हणतात, इंजिनवर दुरुस्ती झालीय, आता आधीची स्थिती लेखी देता येणार नाही. म्हणजे मी मिसिंग करणारी गाडी अहवाल येईपर्यंत तशीच चालवायची होती का? जुनी कॉइल दाखवली तर म्हणे, "ती नंतर खराब झाली नसेल कशावरून?" प्रत्येक प्रश्न मला. ज्याने पैसे घेतले त्याला एकही नाही. "हा फोटो याच इंजिनाचा कशावरून?" एवढं एक वाक्य त्या कक्षाला गॅरेजला लिहिता येत नाही!

म्हणून सांगते, पुरावा आधी गोळा करा. गाडी देण्याआधी स्वतःच्या मोबाइलवर स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढा. "माझ्या परवानगीशिवाय कोड पुसू नयेत" हे जॉब कार्डवर लिहून घ्या. जमलं तर कामाआधी आणि कामानंतर धुराची तपासणी करा. मिसफायर होणाऱ्या इंजिनाच्या धुरात हायड्रोकार्बन वाढलेले येतात आणि तो छापील कागद कुणाला नाकारता येत नाही. काढलेला प्रत्येक भाग परत मागा. आणि ज्या कामात परत द्यायला भागच नसतो, त्या कामाचा भाव ऐकल्या ऐकल्या सावध व्हा.

तो फोटो मी तेव्हाच व्हॉट्सॲपवर मागवून घेतला होता, तेवढं एक बरं झालं. त्यात दोन व्हॉल्व दिसतात, उजवीकडच्याच्या दांड्यावर तिरका ओरखडा आहे आणि खालच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याची निळी पट्टी. तुम्हालाही "हे तुमचं इंजिन" म्हणून हाच फोटो दाखवला असेल, तर मला कळवा. दोन वेगळ्या गाड्यांच्या मालकांकडे एकच फोटो निघाला, तर तक्रार कक्षाला फाइल पुन्हा उघडावीच लागेल.