पंचवीस सिगारची पेटी: लाकूड, प्लाय की पुठ्ठा?

सिगारची पेटी बनवायला घेणारा बहुतेक वेळा पहिला प्रश्न लाकडाचा विचारतो. सीडर हे रूढ लाकूड घ्यावे, प्लाय चालेल का, की सरळ पुठ्ठा वापरावा? माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आकाराचा, कारण पेटीचे वजन आणि मजबुती लाकूड निवडण्याआधीच निम्मी ठरून गेलेली असते. छोट्या सिगार उत्पादकाकडून किंवा विक्रेत्याकडून शे-दोनशे पेट्यांचे काम हाती आले असेल आणि नेमके काय निवडावे हे ठरत नसेल, तर आधी पट्टी घेऊन बसा.

चपटी की चौकोनी

उदाहरणाला रोबस्टो हा सिगारचा प्रचलित आकार घेऊ. लांबी १२४ मिलिमीटर, जाडी जवळपास २० मिलिमीटर. अशा २५ सिगारांचे वजन ३०० ग्रॅमच्या आसपास भरते. त्या भरण्याच्या दोन रूढ रीती आहेत. एक चपटी पेटी: एका थरात १३, दुसऱ्यात १२, मध्ये सीडरचा पातळ पापुद्रा. दुसरी चौकोनी: पाच थर, प्रत्येक थरात पाच.

चपट्या पेटीचे आतले माप साधारण २६० × १२८ × ४२ मिलिमीटर येते. चौकोनीचे १०२ × १०२ × १२८. सहाही बाजूंचे क्षेत्रफळ मोजले तर चपटीला ९९० चौरस सेंटिमीटर फळी लागते आणि चौकोनीला ७३०. माल तेवढाच, पण लाकडात सव्वीस टक्के बचत. ५ मिलिमीटर जाडीच्या सीडरमध्ये चपटी पेटी २३० ग्रॅमच्या घरात जाते, चौकोनी १७० ग्रॅमच्या.

मजबुतीचा हिशोब त्याहून महत्त्वाचा आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ५ ची फळी ४ मिलिमीटर केली की ताठपणा एकदम निम्म्यावर येतो. चपट्या पेटीच्या २६० मिलिमीटर लांब झाकणाला ही घट सोसत नाही. वर दुसरा खोका ठेवला की झाकण मधोमध लवते आणि तो दाब थेट सिगारच्या पानावर पडतो. चौकोनी पेटीत कुठलीच फळी १२८ मिलिमीटरपेक्षा लांब नसते, त्यामुळे तिला ४ मिलिमीटर जाडी पुरते आणि वजन १४० ग्रॅमच्याही खाली येते. हलकेपणा हवा असेल तर आधी फळीचा पल्ला कमी करा, जाडीला हात नंतर लावा.

तरीही चपटी पेटी टिकून आहे आणि त्याला कारण आहे. क्युबातल्या कारखान्यांत सिगार रंगाच्या छटेनुसार निवडून लावतात, डावीकडे गडद, उजवीकडे फिकट. झाकण उघडताच ती पूर्ण ओळ एका नजरेत दिसते. चौकोनी पेटीत फक्त पाच दिसतात, आणि तळातली सिगार काढायला रेशमी फीत आधीच खालून घालून ठेवावी लागते. दुकानाच्या काउंटरवर पेटी उघडी राहणार असेल तर चपटीच्या बाजूने बोलायला हा एक मुद्दा आहे. पाठवायची, रचायची, साठवायची असेल तर माझे मत चौकोनीला.

लाकूड: स्पॅनिश सीडर आणि आपला तूण

सिगारच्या जगात ज्याला स्पॅनिश सीडर म्हणतात ते झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, महोगनी आणि कडुलिंबाच्या कुळातले. घनमीटरला साधारण ४७० किलो, म्हणजे सागापेक्षा बरेच हलके. सहज कापले जाते, ओल शोषते आणि परत देते, आणि त्याचा मंद सुवास तंबाखूशी जुळतो. लाकडाच्या बाजारात नुसते सीडर मागितलेत तर देवदार समोर येऊ शकतो. तो घेऊ नका. देवदाराचे तेल उग्र असते आणि काही आठवड्यांत ते सिगारमध्ये उतरते.

स्पॅनिश सीडरच्या दोन अडचणी आहेत. एक, उष्णतेत त्यातून डिंकासारखा चिकट स्राव येतो. नीट न वाळवलेली फळी असेल तर आतल्या बाजूला चिकट ठिपके उमटतात आणि ते सिगारच्या वेष्टनाला चिकटतात. दोन, २०२० च्या ऑगस्टपासून अमेरिका खंडातल्या या वंशाच्या सगळ्या जातींवर साइट्स कराराचे (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोन लागू आहे. ओंडके, फळ्या, व्हिनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे) किंवा प्लाय परदेशातून आणायचे तर परवानगीची कागदपत्रे हवीत. शे-दोनशे पेट्यांच्या कामासाठी हा उपद्व्याप परवडत नाही.

इथे आपला तूण कामाला येतो. हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारतापर्यंत आणि पश्चिम घाटातही हे झाड वाढते. वनस्पतिशास्त्रात एके काळी त्याची गणना स्पॅनिश सीडरच्याच वंशात होत असे. वजन जवळपास तेवढेच, रंग तसाच विटकरी तांबूस, वास त्याच जातीचा पण जरा सौम्य. चहाच्या आणि सिगारच्या पेट्यांसाठी हे लाकूड भारतात पूर्वीपासून वापरात आहे. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुलकडे सिगार वळण्याची जुनी परंपरा असलेल्या देशात पेटीचे लाकूड अटलांटिकपलीकडून आणावे, याची मला गरज वाटत नाही. तूण घेताना एकच हट्ट धरा: फळी पूर्ण वाळलेली असू द्या. ओल मोजायचे छोटे यंत्र जवळ ठेवा आणि आकडा १२ टक्क्यांच्या आसपास असेल तरच माल उचला.

साग मजबूत आहे, पण घनमीटरला ६५० किलो आणि तेलकट. बाहेरच्या देखण्या ठेवणीच्या पेटीला शोभतो, आतून नको.

प्लाय: मला सर्वांत व्यवहारी वाटणारा मार्ग

अस्सल लाकडाचा अभिमान बाजूला ठेवून पाहिले तर ४ मिलिमीटरचा पॉपलर प्लाय या कामाला फार चांगला आहे. थर एकमेकांना आडवे असल्यामुळे तो ओलीत फारसा फुगत-आटत नाही, चिरत नाही आणि कडेला खाचा पाडून बोटांसारखा सांधा केला तर कोपरा अतिशय भक्कम होतो. हरियाणातल्या यमुनानगरकडून येणाऱ्या मालात पॉपलर आणि निलगिरी दोन्ही असतात. निलगिरीचा गाभा जड असतो, तेव्हा पूर्ण पॉपलरच मागून घ्या.

धोका गोंदाचा आहे. स्वस्त एमआर (बेताची ओल सोसणाऱ्या) प्रतीच्या प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइड गोंद असतो आणि बंद पेटीत त्याचा वास साठतो. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्रतीतला फिनॉलिक गोंद त्या मानाने फारच कमी वायू सोडतो. खात्री करायची असेल तर प्लायचे चार तुकडे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत टाका, बरणी आठवडाभर उबदार जागी ठेवा आणि मग उघडून वास घ्या. नाकाला जे जाणवते ते तंबाखूच्या पानात मुरणार हे धरून चाला.

प्लायला स्वतःचा सुवास नाही. त्यासाठी आत तुणाचा मिलिमीटरभर जाडीचा पापुद्रा सुटा बसवा, चिकटवू नका. सुटा असला की तो आपल्या चालीने फुगतो-आटतो आणि पेटीवर ताण येत नाही. पापुद्र्याने वजन थोडे वाढते, पण बाहेरून न हलणारी पेटी आणि आतून ओल सांभाळणारे लाकूड अशी दोन्ही कामे साधतात.

एमडीएफबद्दल (लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेली फळी) थोडक्यात: घेऊ नका. घनमीटरला ७०० ते ७५० किलो, म्हणजे चपटी पेटी साडेतीनशे ग्रॅमच्या वर, आतल्या मालापेक्षा जड. कडेला ओल लागली की फुगते, आणि गोंदाचा प्रश्न प्लायपेक्षा वाईट. गुळगुळीत कड आणि सोपी छपाई एवढ्यासाठी ती निवडली जाते.

पुठ्ठा आणि ॲल्युमिनियम

२ मिलिमीटर जाड पुठ्ठ्याची, वरून कागद मढवलेली पेटी लाकडाहून बऱ्याच कमी वजनात होते. कोरड्या हवेत ती बरीच ताठही असते. पण पुठ्ठ्याला दमटपणा सोसत नाही. हवेतली आर्द्रता ५० वरून ९० टक्क्यांवर गेली की त्याची दाब सोसण्याची ताकद निम्म्याच्या आसपास घसरते. सिगारला स्वतःलाच ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, त्यामुळे आतला माल आणि बाहेरची पेटी यांच्या गरजा इथे जन्मापासून विरुद्ध आहेत. तीन किंवा पाच सिगारांचे पाकीट, जे महिन्याभरात संपणार, त्याला पुठ्ठा योग्य. साठवणीला अजिबात नाही.

ॲल्युमिनियमची एकेरी नळी प्रवासात उत्तम. आत सीडरचा पापुद्रा गुंडाळलेला असतो, ओल सहजासहजी आत-बाहेर होत नाही, चेपायला जोर लागतो. मात्र पंचवीस नळ्या एका पेटीत घातल्या की जागा आणि खर्च दोन्ही वाढतात. निवडक मालासाठी ठीक.

झाकण, सांधे आणि आपला पाऊस

हलकी पेटी करताना पितळी बिजागरी सोडून द्यावी लागते. ४-५ मिलिमीटरच्या फळीत स्क्रू धरत नाही आणि खिळा कडेला ठोकला की फळी रेषेवर चिरते. दोन पर्याय उरतात: कापडी पट्टीची बिजागरी, किंवा खाचेत सरकणारे झाकण. मला सरकते झाकण आवडते, कारण त्याला धातू लागत नाही आणि झाकण बंद असताना चारही बाजू बांधून धरते.

पण अस्सल लाकडाचे सरकते झाकण पावसाळ्यात अडकते. नागपूरच्या मे महिन्यात लाकडातली ओल ५-६ टक्क्यांवर उतरते, रत्नागिरी किंवा पणजीच्या जुलैत ती १७ टक्क्यांवर चढते. इतका मोठा पल्ला एकाच पेटीला सहसा पाहावा लागत नाही, पण ६ टक्क्यांचा फरकसुद्धा १०२ मिलिमीटर रुंद झाकण एक ते दीड मिलिमीटरने फुगवतो. तेवढी मोकळीक खाचेत ठेवाच. कोरड्या दिवसांत झाकण थोडे सैल वाटेल, ते चालते. तेच झाकण प्लायचे केले तर अर्धा मिलिमीटर पुरतो.

सांध्यांना सुतारकामातला पांढरा गोंद वापरा आणि पेटी भरण्यापूर्वी आठ-दहा दिवस उघडी वाळू द्या. रबर सोल्यूशन टाळा. पॉलिश लावायचे तर फक्त बाहेरून. आतले लाकूड उघडेच राहायला हवे, नाहीतर ओल शोषण्याचा त्याचा गुणच बंद होतो.

साठवणीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लाकडी पेटी एकटी कोकणचा पावसाळा किंवा विदर्भाचा उन्हाळा अडवू शकत नाही. ती चढउतार मंद करते, थांबवत नाही. महिनोन्महिने माल ठेवायचा असेल तर ही पेटी तशीच्या तशी, रबरी कड असलेल्या हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि सोबत ६५ किंवा ६९ टक्क्यांचे, ओल घेणारे आणि देणारे पाकीट टाका. म्हणूनच वाहतुकीची पेटी साठवणीसाठी जाड करण्यात अर्थ नाही.

किडीचेही तसेच. सीडरच्या वासाने कीड येत नाही अशी समजूत आहे, तिच्यावर विसंबू नका. तंबाखूला लागणारा छोटा तपकिरी भुंगेरा हळद, सुंठ आणि मिरचीतही सापडतो, आणि तो पुठ्ठ्याला सहज भोक पाडून बाहेर येतो. पेटी भरण्यापूर्वी सिगार उणे २० अंशांच्या आसपास काही दिवस गोठवून घेणे हा खरा उपाय आहे. साठवणीत तापमान कमी ठेवले तर उरलेली अंडी उबण्याची शक्यता घटते.

कायदा मापात बसवा

भारतात विकायची पेटी असेल तर मुख्य दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा सचित्र आरोग्य इशाऱ्यासाठी जातो. १ एप्रिल २०१६ पासून हे प्रमाण लागू आहे, आणि सिगारही त्यातून सुटत नाही. ते योग्यच आहे. सिगार ओढणाऱ्याला तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका असतो आणि सुंदर पेटीने तो झाकला जाऊ नये. डिझायनरच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की झाकणावरच्या कोरीव कामावर किंवा सोनेरी छपाईवर पैसे घालवू नका. इशारा नेहमीच्या उघडण्याने फाटता किंवा झाकला जाता कामा नये, म्हणून सरकत्या झाकणाच्या पेटीत तो झाकण आणि कड यांच्या सांध्यावर येऊ देऊ नका.

परदेशी पाठवायची असेल तर ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाला वेष्टनाच्या लाकडासाठीचा आंतरराष्ट्रीय उष्णता-प्रक्रियेचा नियम लागत नाही. प्लायही त्यातून मोकळा आहे. बाहेरचा मोठा खोका जाड कच्च्या लाकडाचा असेल तर मात्र त्याच्या गाभ्याला ५६ अंशांवर ३० मिनिटे प्रक्रिया आणि तसा शिक्का लागेल.

मग काय निवडायचे

विक्रीसाठी, वाहतुकीसाठी, शे-दोनशे नग: चौकोनी आकार, ४ मिलिमीटर बीडब्ल्यूपी पॉपलर प्लाय, बोटसांधे, सरकते झाकण, आत तुणाचा सुटा पापुद्रा. दुकानात उघडी मांडायची आणि छटांची ओळ दाखवायची: चपटी, ५ मिलिमीटर वाळलेला तूण, कापडी बिजागरी. थोड्या सिगारांचे झटपट पाकीट: पुठ्ठा. आणि पहिली पेटी झाली की ती रिकामी न ठेवता सिगारांच्या वजनाइतकी वाळूची पुडी आत घालून टेबलाच्या उंचीवरून तिन्ही तऱ्हेने पाडून पाहा: सपाट, कडेवर आणि कोपऱ्यावर. कोपऱ्यावरचा सांधा सुटला नाही, तर उरलेल्या पेट्या कापायला घ्या.