फ्लास्क की जँगो: सांधे कुणी जुळवायचे?

फ्लास्क आणि जँगो ही पायथन भाषेत वेबसाइट बांधायची दोन फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडे. फ्लास्कमध्ये पाच ओळींत सर्व्हर उभा राहतो आणि जँगोत अ‍ॅडमिन (डेटा पाहायचा-सुधारायचा पडदा) आयतं मिळतं, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. वेगाचे तक्तेही बाजूला ठेवू. रिक्वेस्ट आल्यापासून रिस्पॉन्स जाईपर्यंतचा बराचसा वेळ डेटाबेस खातो. फ्रेमवर्क बदलल्यामुळे साइट पळायला लागली, असं निदान मी केलेल्या कामांत तरी कधी दिसलं नाही. हे मोजून सांगत नाहीये, दोन्हींवर साइट्स चालवून झालेलं मत आहे.

आणि मत तसं एकतर्फीही नाही. फ्लास्कमध्ये लिहायला मला आजही जास्त मजा येते. नवं काम मात्र बहुतेक वेळा जँगोत सुरू करतो. हे असं का, ते सांगायचा प्रयत्न करतो.

दोन्हींचा जन्म पाहिला की स्वभाव कळतो. जँगो २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, एका वृत्तपत्राच्या वेब-विभागात आकाराला आलं आणि जुलै २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदाराला मजकूर भरायला पडदा हवा, वापरकर्ते हवेत, परवानग्या हव्यात, आणि सगळं संध्याकाळच्या आत हवं. त्या घाईचं प्रतिबिंब अजूनही त्यात दिसतं. फ्लास्कची सुरुवात मात्र थट्टेतून झाली. आर्मिन रोनाखरने २०१० च्या एप्रिल फूलला एका फाइलीत कोंबलेलं एक ‘फ्रेमवर्क’ गंमत म्हणून सोडलं, लोकांनी ते मनावर घेतलं आणि त्यातून खरंखुरं फ्लास्क निघालं. त्याच्या गाभ्यात आजही मोजक्याच गोष्टी आहेत: रिक्वेस्ट-रिस्पॉन्ससाठी वर्कझॉइग, टेम्प्लेटसाठी जिंजा आणि आणखी काही छोट्या लायब्रऱ्या.

ह्या छोटेपणाचं सुख खरं आहे, ते मी नाकारणार नाही. फ्लास्कमध्ये काही अडलं की सरळ त्याचा सोर्स उघडावा, थोड्या वेळात उत्तर सापडतं. जँगोच्या क्लास-बेस्ड व्ह्यूमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणारा, क्लासच्या रूपात लिहिलेला कोड) फॉर्म नेमका कुठे सेव्ह होतो हे शोधायला निघालात तर एकातून दुसऱ्या मिक्सिनमध्ये (क्लासला जोडायच्या तयार तुकड्यात) जाता जाता आपण कशासाठी निघालो होतो तेच विसरायला होतं. शिवाय फ्लास्कबरोबर बहुतेक जण एसक्यूएल-अल्केमी ही डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी घेतात, आणि गुंतागुंतीच्या क्वेरी लिहायच्या तर माझ्या मते ती जँगोच्या ओआरएमपेक्षा (पायथनच्या क्लासमधून डेटाबेस हाताळायची सोय) सरस आहे. पाच टेबलांची जोडणी आणि त्यात विंडो फंक्शन असं काही आलं की जँगोत मी बऱ्याचदा हात टेकून सरळ एसक्यूएल लिहितो.

मग अडलं कुठे? प्रोजेक्ट सहा-आठ महिन्यांचा झाला की त्यात डेटाबेसचं एक्स्टेन्शन (बाहेरून जोडायचा भाग) आलेलं असतं, मायग्रेशनसाठी (टेबलांची रचना बदलण्यासाठी) अलेम्बिक आणि त्याला फ्लास्कशी जोडणारं दुसरं काही, लॉगिनसाठी तिसरं, फॉर्मसाठी आणि सीएसआरएफ (दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नावावर पाठवलेली बनावट रिक्वेस्ट) रोखायला चौथं, मेलसाठी पाचवं. एकेक पाहिलं तर प्रत्येक गोष्ट चांगली, नीट लिहिलेली. पण प्रत्येकाचा धनी वेगळा, वेळापत्रक वेगळं. आणि ती एकमेकांना जिथं टेकतात, नेमकं तिथंच घोडं पेंड खातं.

३० सप्टेंबर २०२३ ला फ्लास्क ३.० आणि वर्कझॉइग ३.० एकाच दिवशी आले. वर्कझॉइगने यूआरएल हाताळणारी काही जुनी फंक्शन्स या आवृत्तीत काढून टाकली. आधीच्या आवृत्तीत तशी सूचनाही दिली होती, त्यामुळे त्यांना बोल लावता येत नाही. पण फ्लास्क २.२ ची अट होती ‘वर्कझॉइग २.२.२ किंवा त्यापुढचं काहीही’. वरची मर्यादाच नव्हती. म्हणजे तुम्ही फ्लास्कची आवृत्ती व्यवस्थित पक्की केलेली असली, तरी नव्याने इमेज (साइट चालवायचा तयार संच) बिल्ड झाली की फ्लास्क जुनं आणि त्याच्या पोटात वर्कझॉइग नवं.

आमच्याकडे तेव्हा जो बदल चढत होता तो एका टेम्प्लेटमधल्या शुद्धलेखनाचा होता. एक वेलांटी. बिल्ड हिरवं झालं, कंटेनर (त्या इमेजवरून चालणारी प्रत) उठला आणि इम्पोर्टलाच पडला: ‘यूआरएल_कोट’ नावाचं काही वर्कझॉइगमध्ये सापडत नाही. बरं, फ्लास्क वर नेलं. ती एरर गेली आणि दुसरी आली. आता लॉगिनच्या एक्स्टेन्शनला ‘यूआरएल_डिकोड’ हवं होतं, आणि तेही गेलेलं. त्या एक्स्टेन्शनची दुरुस्त आवृत्ती तेव्हा यायची होती. शेवटी वर्कझॉइग तीनच्या खाली बांधून घातलं, फ्लास्क पुन्हा मागे आणलं आणि साइट उठली. वेलांटीचा बदलही चढला एकदाचा.

यावर ठरलेलं उत्तर असतं: लॉक फाइल (प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती नोंदवणारी) ठेवा. ठेवावीच. पण लॉक फाइल तो दिवस फक्त पुढे ढकलते. कधीतरी सुरक्षेची दुरुस्ती येते किंवा पायथनची आवृत्ती बदलावी लागते, कुलूप उघडावंच लागतं, आणि मग गेल्या दीड वर्षातले सगळे सांधे एकदम करकरतात. हे एकदाच घडलं असतं तर मी सोडून दिलं असतं. २०२१ मध्ये फ्लास्क २.० ने आतला एक सुसंगतीचा मॉड्यूल काढला, तेव्हा त्यावर विसंबलेलं कमांड-लाइनचं एक लोकप्रिय एक्स्टेन्शन निकामी झालं. २०२२ च्या सुरुवातीला जिंजाला लागणारं मार्कअपसेफ २.१ आणि पाठोपाठ जिंजा ३.१ आलं, तेव्हा जुन्या फ्लास्कवर उभ्या असलेल्या साइट्स अशाच इम्पोर्टला पडल्या. प्रत्येक वेळी ज्याने जे काढलं ते सांगूनसवरून काढलं. दोष कुणाचाच नव्हता, आणि मला सलतं ते तेच. सांध्याला धनी नसतो. तो धनी तुम्ही असता, आणि हे काम तुमच्या अंदाजपत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं.

जँगो काही मोडत नाही असं नाही. ५.० मध्ये साध्या लिंकवरून होणारं लॉगआउट बंद झालं. आमच्या मेनूतली लॉगआउटची लिंक दाबली की ४०५ (ही पद्धत चालत नाही, अशी एरर) यायला लागलं असतं, म्हणून ती पोस्ट करणारा छोटा फॉर्म करावी लागली. बारीकसारीक कटकट आहे, पण ती ४.१ पासून वॉर्निंग म्हणून टेस्टच्या आउटपुटमध्ये दिसत होती आणि रिलीज नोट्समध्ये एका ठिकाणी लिहिलेली होती. वापरकर्ते, फॉर्म, ओआरएम, मायग्रेशन, अ‍ॅडमिन हे सगळं एकाच क्रमांकाखाली, एकमेकांबरोबर तपासून बाहेर पडतं. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या साधारण दोन वर्षांनी येतात (४.२ एप्रिल २०२३ मध्ये, ५.२ एप्रिल २०२५ मध्ये) आणि प्रत्येकीला तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. म्हणजे वर्षभर आधी क्लायंटला सांगता येतं की अमुक महिन्यात अपग्रेडचं काम आहे, त्याचे पैसे धरा. हा फायदा कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात दिसत नाही, पण महिन्याचा हिशेब मांडताना फार दिसतो.

मायग्रेशनचंही एक सांगून ठेवतो. कॉलमचं नाव ‘फोन’चं ‘मोबाइल’ केलं की जँगोचं मेकमायग्रेशन्स थांबून विचारतं: हे नाव बदललंय का? हो म्हटलं की नाव बदलण्याचं मायग्रेशन तयार. अलेम्बिकचं ऑटोजनरेट हे ओळखत नाही. ते ‘मोबाइल’ नावाचा नवा कॉलम जोडतं आणि ‘फोन’ उडवतं, त्यातल्या सगळ्या नंबरांसकट. अलेम्बिकच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलंय, फाइल वाचून हाताने सुधारा असंही म्हटलंय. आणि अनुभवी माणूस ती वाचतोच. पण शुक्रवारी संध्याकाळी टीममधला नवा मुलगा ती वाचेलच, याची खात्री मी देणार नाही.

आता जँगोची बाजू मी जरा जास्तच ताणतोय असं वाटत असेल, तर दुसरीकडचंही ऐका. एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायचा दरवाजा) लिहायचा म्हटलं की बहुतेक लोक जँगो रेस्ट फ्रेमवर्क घेतात, ते बाहेरचंच आहे. मागे चालणाऱ्या कामांसाठी सेलरी, तीही बाहेरची. नवं जँगो आलं की या मंडळींची वाट पाहावीच लागते. सांधे कमी असतात, शून्य नसतात. असिंकचं (एकाचं उत्तर येईपर्यंत न थांबता दुसरं काम हाती घेणं) तर अजून अर्धवटच आहे. २०२० मध्ये ३.१ पासून असिंक व्ह्यू आले, पण ओआरएम अजून पोटात थ्रेडवरच काम भागवतं आणि ट्रान्झॅक्शन असिंकमध्ये चालत नाहीत. एकाच वेळी दहा बाहेरच्या सेवांना विचारून उत्तर गोळा करायचं, असं तुमच्या कामाचं मुख्य स्वरूप असेल तर या दोघांच्या भांडणात पडू नका, फास्टएपीआय हे तिसरं फ्रेमवर्क पाहा.

आणि एक कोपऱ्यातली सेवा, जिला स्वतःचं टेबल नाही, लॉगिन नाही, वेबहुक (दुसऱ्या सेवेकडून आपोआप येणारी सूचना) घ्यायचा आणि रांगेत टाकायचा किंवा एखादं मशीन लर्निंगचं मॉडेल मागे ठेवून पुढे एक पत्ता द्यायचा, तिथं जँगो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तिथं मी आजही फ्लास्कच वापरतो, आणि त्यातली एकही सेवा मला अपग्रेडच्या दिवशी त्रास देत नाही, कारण तिला सांधेच नाहीत. वेब कसं चालतं हे शिकवायचं असेल तरी फ्लास्कच. जँगोवर शिकलेल्या काही जणांना कुकी कोण लावतं ते सांगता येत नाही, असं मी पाहिलंय.

पायथनच्या बाहेर डोकावलं तर वारा कुठल्या दिशेनं वाहतोय याचा थोडा अंदाज येतो. पीएचपीतल्या लारावेल फ्रेमवर्कने लुमेन नावाचं हलकं भावंड काढलं होतं. आता लुमेनच्याच कागदपत्रांत लिहिलंय की नवा प्रोजेक्ट लुमेनवर सुरू करू नका, लारावेलच घ्या. रुबीतल्या रेल्सने २०१६ मध्ये पाचव्या आवृत्तीत एपीआयपुरता सडपातळ अवतार आतच घेतला. मोठ्यातून नको ते वगळणं, छोट्याला हवं ते जोडत बसण्यापेक्षा सोपं पडतं, असा त्याचा अर्थ मी लावतो. जँगोतही अ‍ॅडमिन, सेशन, टेम्प्लेट सगळं काढून एका फाइलीत अ‍ॅप चालवता येतं. फारसं कुणी करत नाही, पण येतं.

माझ्यापुरता मी पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न विचारतो: पुढच्या वर्षभरात यात लॉगिन येणार का, आणि प्रोग्रॅमर नसलेल्या कुणाला यातला डेटा दुरुस्त करायचाय का? दोन्हींना ठाम ‘नाही’ आलं तर फ्लास्क. ‘सध्या तरी नाही’ आलं तर जँगो, कारण ‘सध्या तरी’चा अर्थ बहुधा पुढच्या तिमाहीत असा निघतो. तुमच्याकडे एसक्यूएल-अल्केमीत मुरलेली टीम असेल आणि सांधे बघायला एक माणूस कायमचा नेमलेला असेल, तर माझा हिशेब तुम्हाला लागू होईलच असं नाही.

आणि जँगो घ्यायचं ठरलं तर पहिलं मायग्रेट (टेबलं तयार करणारी आज्ञा) चालवायच्या आधी स्वतःचं यूझर मॉडेल करून घ्या. अ‍ॅब्स्ट्रॅक्टयूझरवरून एक रिकामा क्लास आणि सेटिंग्जमध्ये त्याची एक ओळ, बस्स. त्यात आज काही घालायचं नसलं तरी चालेल. टेबलं तयार झाल्यावर हे बदलायला गेलात तर प्रत्येक फॉरेन की (दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा कॉलम) हाताने हलवावी लागते, आणि त्या कामात जँगो तुम्हाला काडीची मदत करत नाही.