जिप्सीला ३५० मिमीचं मोमो स्टिअरिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी मारुती जिप्सी, पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही. स्टिअरिंगचं चाक मोमो प्रोटोटिपो, ३५० मिमी, काळं लेदर. सोबत जिप्सीच्या स्टिअरिंग शाफ्टच्या दात्यांना बसणारं बॉस किट, म्हणजे शाफ्ट आणि नवं चाक जोडणारा मधला भाग. चाक उत्तम आहे, पण काम नीट झालं की नाही हे ठरतं बॉस किटवर. पैसे वाचवायचेच असतील तर चाकात वाचवा, बॉसमध्ये नको.

खरेदीपूर्वी भोकांचं वर्तुळ तपासा. मोमो, स्पार्को, ओएमपी यांची सहा भोकं ७० मिमीच्या वर्तुळावर असतात, नार्डी आणि पर्सनलची ७४ मिमीच्या. फरक ४ मिमीचाच, पण भोकं ओढूनताणून मोठी केलीत तर बोल्ट तिरके बसतात आणि चाक हळूहळू सैल होतं. नकली मोमो बाजारात खूप आहेत. दोन्ही हातांनी रिम धरून पुढेमागे पिळा. स्पोक लवले तर ते चाक घेऊ नका, शिक्का कितीही खरा वाटला तरी.

काढताना आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, गाडीची पुढची चाकं सरळ करा, मग हॉर्न पॅड काढा. मधला नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा, म्हणजे चाक एकदम सुटून तोंडावर येणार नाही. शाफ्ट आणि जुनं चाक यांच्यावर मार्करने एक सरळ रेघ मारा. पुलर (चाक ओढून काढणारं अवजार) वापरा. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारण्याची पद्धत अनेक गॅरेजमध्ये दिसते, ती थांबवाच. अपघातात दबण्यासाठी बनवलेल्या कॉलममधल्या (शाफ्टभोवतीच्या नळीतल्या) प्लास्टिकच्या पिना त्या धक्क्याने तुटतात आणि मग शाफ्टमध्ये कायमचा प्ले (ढिलाई) येतो.

बॉस बसवताना त्याच्या मागच्या दोन खुंट्या इंडिकेटर परत आणणाऱ्या कॅमच्या खाचेतच गेल्या पाहिजेत. एका बाजूचा इंडिकेटर वळण संपल्यावर परत येतो आणि दुसरा येत नाही, तर बहुतेक वेळा बॉस एक दात इकडेतिकडे बसलेला असतो. पण बॉस नीट बसल्यावर चाक थोडं तिरकं दिसलं, म्हणून तो दुसऱ्या दातावर सरकवू नका. जिप्सीच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये (शाफ्टच्या खालच्या गिअरपेटीत) सर्वांत कमी प्ले मधल्या स्थितीत असतो. बॉक्स मध्यावर ठेवून उरलेला तिरकेपणा ड्रॅग लिंकच्या (बॉक्सपासून पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) लांबीने काढायचा. मधला नट २५ ते ४० न्यूटन-मीटर. सहा एम५ बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने साधारण ५ न्यूटन-मीटरला, निळ्या लॉकटाइटसह (आटे सैल होऊ न देणारा गोंद). बॉस अॅल्युमिनियमचा असतो, जोर लावलात तर आटे जातात. बॉस आणि कॉलमच्या कव्हरमध्ये दोन-तीन मिमी फट ठेवा, नाहीतर वळवताना खरखर येते.

सगळ्यांत जास्त डोकं खातो हॉर्न. कॉलममधून एकच तार येते आणि बटण दाबलं की ती अर्थला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) मिळते. बॉसवर पावडर कोटिंग असेल तर अर्थ मिळत नाही आणि हॉर्न गप्प राहतो. एक जागा खरडून धातू उघडा करा. हॉर्न सतत वाजत असेल तर तार बटणाच्या रिंगखाली चेपलेली असते. फक्त ठराविक कोनातच वाजत असेल तर संपर्काची पितळी पट्टी स्वच्छ करा.

आता वापराबद्दल. मूळ चाक आधी टेपने मोजा. ४०० वरून ३५० वर आलात तर जागेवर वळवायला साधारण १४ टक्के जास्त जोर लागतो, आणि पार्किंगमध्ये, जाड टायरसह, तो स्पष्ट जाणवतो. उलट घाटात चालत्या गाडीत चाक झटपट फिरतं आणि सलग वळणांवर हात कमी हलवावे लागतात. गाडी बहुतेक शहरातच फिरत असेल तर ३८० मिमीच्या आसपासचं चाक घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रिम स्पीडोमीटर झाकते का, हे आधी पुठ्ठ्याची ३५० मिमीची तबकडी कापून समोर धरून पाहा. खोल डिशचं चाक (ज्याची रिम मधल्या भागापेक्षा बरीच पुढे असते) छातीजवळ येतं आणि इंडिकेटरची कांडी बोटांपासून दूर जाते, म्हणून कमी खोलीचंच चांगलं.

कोकणातल्या दमट हवेत आणि घामाच्या हातांना लेदरच योग्य. सुएडची (लव असलेल्या चामड्याची) लव दबून ते चकचकीत होतं, मग सारखा ब्रश करत बसावं लागतं. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सहाही बोल्ट पुन्हा तपासा. कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्या गाडीचे दर सर्व्हिसिंगला.

एअरबॅग असलेल्या गाडीला हे काम करू नका. एअरबॅग तर जातेच, शिवाय क्लॉक स्प्रिंगमधून (चाकासोबत फिरणाऱ्या तारांच्या गुंडाळीतून) जाणारी हॉर्नची आणि बटणांची वायरिंगही तुटते. एअरबॅग नसलेल्या गाडीलाही, विमा कंपनीला बदल चालतो का, हे आधी लेखी विचारून घ्या. मूळ चाक, हॉर्न पॅड आणि नट एकत्र पिशवीत जपून ठेवा; फिटनेसच्या तपासणीला किंवा गाडी विकताना लागतात.