स्कँडिनेव्हियन स्टडीज, दुसरं वर्ष संपताना: मुख्य भाषा नॉर्वेजियनच घ्या

ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात मी स्कँडिनेव्हियन स्टडीजची, म्हणजे डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या देशांच्या भाषा-साहित्याची, पदवी करतेय. अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यातलं तिसरं वर्ष तिकडच्या देशात काढायचं. माझं दुसरं वर्ष संपत आलंय. गावाकडून ‘हे शिकून पुढे करणार काय?’ हा प्रश्न अजून येतोच, आणि हा विषय घ्यावा का असं विचारणाऱ्या मुलामुलींचे मेसेजही येतात. म्हणून सविस्तर लिहितेय.

प्रवेश घेतानाच मुख्य भाषा ठरवावी लागते: डॅनिश, स्वीडिश की नॉर्वेजियन. माझ्या वर्गात बऱ्याच जणांनी स्वीडिश घेतली, कारण ती बोलणारे जास्त. माझं मत ठाम आहे, नॉर्वेजियन घ्या. १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या राज्यात होता आणि तिथे लिहिण्याची भाषा डॅनिशच होती. बुकमॉल ही आजची लेखी नॉर्वेजियन त्या डॅनिशमधूनच घडत गेली. त्यामुळे डॅनिश मजकूर समोर आला की वाचता येतो. उच्चारांच्या बाबतीत मात्र नॉर्वेजियन स्वीडिशच्या जवळची, त्यामुळे स्वीडिश ऐकून कळते. पहिल्या वर्षाच्या अखेरीला मी कोपनहेगनचं वर्तमानपत्र वाचत होते. बोललेली डॅनिश ही वेगळीच गोष्ट. शब्दांचे शेवट इतके विरून जातात की मला अजून सबटायटल लागतात.

आपल्याला एक फायदा आहे, तो मला कुणी आधी सांगितला नव्हता. ओस्लोकडच्या बोलण्यात ‘र’च्या पुढे ‘न’ किंवा ‘त’ आला की दोन्ही मिळून थेट आपला ‘ण’ किंवा ‘ट’ होतो. मुलाला ‘बार्न’ लिहितात आणि ‘बाण’ म्हणतात. ब्रिटिश मुलं आरशासमोर जीभ वळवत बसली होती, आणि मला बाईंनी पहिल्याच तासाला सगळ्यांसमोर म्हणून दाखवायला उभं केलं. ‘ळ’च्या जवळचा एक जाड ‘ल’ही तिकडे आहे. लिंगंही आपल्यासारखी तीन. स्वर मात्र छळतात. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणायची सवय व्हायला मला फार वेळ लागला.

या पदवीने मला सगळ्यात जास्त काय दिलं, तर बोलीकडे बघायची नजर. नॉर्वेत बोलण्याची अधिकृत प्रमाणभाषाच नाही. लिहिण्याची रूपं दोन, बुकमॉल आणि न्यूनॉर्स्क, आणि १८८५ साली संसदेने दोन्हींना सारखा दर्जा दिला. न्यूनॉर्स्क उभी केली इव्हार ओसेन या शेतकऱ्याच्या पोराने. विद्यापीठाची पायरी न चढलेला हा माणूस १८४२ पासून चार वर्षं खेडोपाडी फिरला, लोक जसं बोलतात तसं टिपत गेला. १८४८ ला त्याने व्याकरण काढलं, १८५० ला शब्दकोश. आज शाळेतली मुलं दोन्ही रूपं शिकतात. एनआरके या सरकारी प्रसारण संस्थेला किमान २५ टक्के मजकूर न्यूनॉर्स्कमध्ये द्यावाच लागतो. मंत्री संसदेत आपल्या गावच्या बोलीत बोलतात आणि कुणी वळूनही बघत नाही.

ऐकण्याच्या तासाला आम्हाला चार ठिकाणच्या माणसांचं रेकॉर्डिंग लावलं होतं. ‘मी’ म्हणायला एक ‘यै’ म्हणतो, दुसरी ‘एग’, तिसरा ‘अ‍ॅ’, चौथी नुसतं ‘ई’. यातलं बरोबर कुठलं, असं एकाने विचारलं. बाई म्हणाल्या, चारही. मी कुडाळची. घरात माका-तुका, आणि शाळेत तोंडातून मालवणी निघाली की ‘शुद्ध बोल’ हे ठरलेलं. त्या तासाला मला मनापासून राग आला, आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांना उगाच लाजायला लावलं याचा. शेवटच्या वर्षाचा प्रबंध मी न्यूनॉर्स्कवरच करणार आहे.

ओल्ड नॉर्स, म्हणजे या भाषांची मध्ययुगीन पूर्वज भाषा, सक्तीची आहे आणि जड आहे. मात्र शाळेत विभक्त्या पाठ केलेल्यांना ती इंग्रजांइतकी परकी वाटत नाही. ती शिकताना रास्मुस रास्क भेटतो. आइसलँडिकचं व्याकरण लिहिणारा हा डॅनिश भाषापंडित १८२० साली मुंबईत येऊन पारशी मंडळींकडे अवेस्ता ही त्यांच्या धर्मग्रंथांची प्राचीन भाषा शिकला आणि हस्तलिखितं कोपनहेगनला घेऊन गेला.

नाटकाच्या पेपरला ब्यॉर्न्सन या नॉर्वेजियन लेखकाचं ‘एन हान्स्के’ होतं, १८८३ चं. लग्नाआधीच्या चारित्र्याची अट बाईला, मग पुरुषाला का नाही, असं विचारणारी त्याची नायिका स्वावा. याच नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ‘आंधळ्यांची शाळा’ लिहिलं आणि १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने ते रंगभूमीवर आणलं. मी निबंध त्यावर लिहिला. प्राध्यापकांनी माझ्याकडून एक मराठी प्रवेश रोमन लिपीत काढून घेतला आणि मूळ प्रवेशाशेजारी ठेवून वर्गात वाचायला लावला. इतकं भरून आलं होतं मला!

‘सुखी, समतावादी देश’ हे चित्र मनात धरून येणाऱ्यांनी सामींबद्दलचा, म्हणजे उत्तरेकडच्या आदिवासींबद्दलचा, पेपर जरूर घ्यावा. नॉर्वेने कित्येक दशकं सामी मुलांना शाळेत त्यांची भाषा बोलू दिली नाही. त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला तो २०२३ साली. सिनेमा आणि डिझाइनचे पेपर मला वरवरचे वाटले, त्यांच्यासाठी हा विषय घेऊ नका.

आता उणी बाजू. विभाग लहान, शिक्षक मोजके. आमच्याकडे डॅनिशचा पुढचा वर्ग भरणार की नाही हे सत्र सुरू होईपर्यंत कळत नव्हतं, आणि त्यापायी दोन मैत्रिणींचं वेळापत्रक पार कोलमडलं. बोलायचा सराव कमी पडतो, कारण तिकडचा कुणी भेटला की तो आपणहून इंग्रजीत सुरू होतो. त्याला नम्रपणे थांबवायला शिकावं लागतं. परदेशी विद्यार्थ्यांची फी जबर आहे. तिकडे जाऊन फुकट शिकू म्हणाल, तर तेही दिवस गेले. युरोपबाहेरच्यांना डेन्मार्कने २००६ पासून, स्वीडनने २०११ पासून आणि नॉर्वेने २०२३ पासून फी लावली. नुसत्या या पदवीवर नोकरी धरून ठेवलेली नसते. भाषांतर, अध्यापन, ग्रंथालयं अशा वाटा आहेत, पण सोबत दुसरा विषय असलेला बरा. मी भाषाविज्ञान घेतलंय.

अर्ज करण्याआधी विभागाला दोन गोष्टी लेखी विचारा: तुमची भाषा चारही वर्षं शिकवली जाणार आहे का, आणि परदेशातल्या वर्षासाठी कुठल्या विद्यापीठांशी करार आहे. ट्रॉनहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठाचा नॉर्वेजियनचा ऑनलाइन कोर्स मोफत आहे. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर हक्कमुक्त जुनी पुस्तकं भारतातूनही उघडतात, इब्सेन-ब्यॉर्न्सनच्या जुन्या आवृत्त्यांसकट. फी भरायच्या आधी सुट्टीत तो कोर्स करा आणि त्यातलं एखादं नाटक वाचायला घ्या.