रीफ टँकचं पाणी: रत्नागिरीहून आणलेलं की घरी कालवलेलं?
कोल्हापूरकरांना आंबा घाट उतरला की रत्नागिरीचा समुद्र; मग रीफ टँकसाठी (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची घरची टाकी) पाण्याचे कॅन तिथूनच भरून का आणू नयेत? पाणी फुकट, हे खरं. पण किनाऱ्यालगत ते गढूळ असतं, बंदराजवळ डिझेलचा तवंग, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्यानं खारटपणा उतरतो. शंभर लिटर म्हणजे शंभर किलोच्या वर ओझं, दर पाणीबदलाला पुन्हा तेच.

दुसरा मार्ग घरचा: आरओच्या पाण्यात रीफ सॉल्ट (अशा टाकीसाठीचं तयार समुद्री मीठ), लिटरला साधारण 35 ग्रॅम, कालवून सापेक्ष घनता (साध्या पाण्याच्या तुलनेतला जडपणा) 1.025 वर आणायची. खर्चिक आहे, पण प्रवाळांना हवा तो एकसारखेपणा इथेच मिळतो. (स्वयंपाकाचं मीठ? नावही काढू नका.) माझं मत घरच्या पाण्यालाच. पाणी कुठलंही असो, टाकीतलं अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्यावर येईपर्यंत क्लाउनफिश दुकानातच राहू द्या.