नूतनचा एकच सिनेमा पाहायचा तर कोणता?

मे महिना, नागपूर, दुपारचे दोन. कूलरच्या ताट्या भिजवलेल्या, पडदे ओढलेले. अशात भाची विचारते, "मावशी, नूतनचा एकच पाहायचा तर कोणता?" माझ्या लेखी निवड तिघांतच: 'सुजाता' (१९५९), 'बंदिनी' (१९६३) आणि 'सौदागर' (१९७३). पहिले दोन बिमल रॉय यांचे, दोन्हींसाठी तिला फिल्मफेअर मिळालं.

अभिनय म्हणाल तर 'बंदिनी'ला तोड नाही. कल्याणी, म्हणजे नूतन, विष कालवते तो प्रसंग बघा. संवाद जवळजवळ नाहीतच. बाहेर घणाचे ठोके पडताहेत, वेल्डिंगचा उजेड तिच्या चेहऱ्यावर लखकन येतो आणि विझतो. दर वेळी तोच चेहरा जरा वेगळा दिसतो. रडणं नाही, ओरडणं नाही. काय होणार ते आपल्याला आधी कळतं, तिला बहुधा नंतर. पण हा प्रसंग अर्धा कानांनी पाहायचा, आणि आमचा कूलर ट्रॅक्टरसारखा गरजतो. म्हणजे 'बंदिनी' नागपुरात थेट दिवाळीनंतर.

'सुजाता'त सुनील दत्त टेलिफोनवर 'जलते हैं जिसके लिए' गातो, आवाज तलत महमूदचा, आणि नूतन फक्त ऐकते. पडद्यावर नुसतं ऐकावं ते तिनेच. सुलोचनाबाईंची आईही झकास. सांभाळलेल्या मुलीची, सुजाताची, ओळख करून देताना 'बेटी' नाही, 'बेटी जैसी'. कथा मात्र आता खटकते. १९५६ साली इथे दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, कोणाची परवानगी न मागता. त्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या या सिनेमात अस्पृश्य मुलीला आईच्या मनात पुरती जागा मिळते ती स्वतःचं रक्त दिल्यावर. भाचीसोबत पाहिला तर निम्मी दुपार वादात जाईल. जाऊ दे म्हणा, वाद झाला तर वाईट नाही.

तरी दुपारच्या घोळक्यासाठी मी 'सौदागर'च सांगेन. दिग्दर्शक सुधेंदु रॉय. ३७ वर्षांची नूतन, मेकअपचा मागमूस नाही. विधवा माजूबी खजुरीच्या रसाचा गूळ करते; आपल्याकडच्या शिंदीचंच झाड ते. अमिताभ तिच्याशी लग्न करतो ते तिच्या हातच्या गुळासाठी, आणि त्या गुळाचे पैसे साठवतो दुसरीच्या मेहरसाठी, म्हणजे निकाहात वधूला द्यायच्या रकमेसाठी. चुलीपाशी रस आटवताना तिच्या हातांकडे बघा. जन्मभर हेच केलंय असं वाटतं. पुढे तो कोणत्या तोंडाने तिच्या दारात येतो ते सांगत नाही. कूलर चालू असला तरी काही बिघडत नाही, चेहरे पुरतात.

फक्त शोधताना साल टाका. आम्ही टाकलं नाही, आणि १९९१चा दिलीपकुमार-राजकुमारवाला 'सौदागर' अर्धा तास बघत बसलो, नूतन कधी येते म्हणून.